तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या गार पाण्यात कशासाठी?

“मालवणला इतका कोमट समुद्र असताना स्कॉटलंडच्या त्या गारठ्यात, आणि तेही धड दहा-बारा मीटरसुद्धा खोल नसलेल्या भंगारासाठी, कशाला उतरतोस?” सुट्टीत गावी गेलो की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. नोकरीमुळे मी अ‍ॅबर्डीनला राहतो आणि वर्षातून दोनदा तरी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर बोटीने जातो, तिथल्या बुडालेल्या जहाजांभोवती डुबकी मारायला. पण ती जागा जवळ पडते एवढेच काही त्याचे कारण नव्हे.

ऑर्कनीतील स्कापा फ्लो हा बेटांनी वेढलेला विस्तीर्ण जलाशय दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा तळ होता. शत्रूची पाणबुडी आत शिरू नये म्हणून पूर्वेकडच्या अरुंद सामुद्रधुन्यांत जुनी जहाजे मुद्दाम बुडवून ठेवली होती. तरीही १४ ऑक्टोबर १९३९ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्या जहाजांमधल्या फटीतून आत आलेल्या यू-४७ या जर्मन पाणबुडीने ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली आणि आठशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर चर्चिल यांच्या आदेशाने या सामुद्रधुन्यांवर दगड आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चार बांध घातले गेले. त्या कामावर इटालियन युद्धकैदीही होते. बांधांवरून जाणारा रस्ता १९४५ मध्ये खुला झाला. पाणबुड्यांसाठी घातलेल्या या बांधांनी भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाहही अडवला. त्यामुळे एके काळी ज्या पाण्याने माणसाला वाहून नेले असते, त्यात आज रस्त्याकडेला गाडी लावून पायी उतरता येते.

पायी म्हणजे मात्र चौपाटीवरून चालत जावे तसे नव्हे. अंगात लोकरी कपडे, त्यांवर ड्राय सूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, हवा भरलेला पोशाख, कमरेला वजनासाठी शिसे, पाठीवर हवेची टाकी, आणि पायाखाली शेवाळाने बुळबुळीत झालेले दगड; माझ्या मते या डुबकीचा सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. पाणी उन्हाळ्याच्या शेवटीसुद्धा १२-१३ अंशांच्या आसपासच असते, आणि हवेपेक्षा पाणी शरीरातली ऊब कितीतरी वेगाने खेचून घेते. एकदा माझ्या मानेजवळच्या रबरी पट्टीत आतल्या कपड्याची घडी अडकली होती. पाण्याची बारीक धार छातीवरून पोटाकडे उतरू लागली, आणि हट्टाने पुढे न जाता मी दहाव्या मिनिटाला परत फिरलो. उथळ पाणी सोपे असते, हाही एक गैरसमजच आहे. पृष्ठभागावर जितका दाब असतो त्याच्या दुप्पट दाब दहा मीटरवर होतो, म्हणजे सर्वांत मोठा बदल याच थरात घडतो. सूटमधली हवा जरा वर येताच फुगते आणि बेसावध माणसाला बुचासारखी वर फेकते.

तिसऱ्या बांधाजवळ ‘रेजिनाल्ड’ आहे. तीन डोलकाठ्यांचे हे शिडाचे जहाज पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, असेच अडथळा म्हणून बुडवले गेले. त्याचा गंजलेला सांगाडा पाण्याबाहेर डोकावतो, आणि रस्त्यावरून जाणारे पर्यटक त्याचे फोटो काढून निघून जातात. खाली मात्र त्याच लोखंडावर सूर्यप्रकाश पोहोचत असल्यामुळे केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचे रान माजले आहे. त्या तपकिरी, चामड्यासारख्या पट्ट्या बाजूला सारल्या की फासळ्यांच्या आडोशाला पांढरी आणि नारिंगी समुद्रफुले, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्राणी, उमललेली दिसतात. पत्रा इतका कुजलेला आहे की आत शिरण्याचा मोह मी कधीच होऊ देत नाही. खोलवरच्या जहाजापाशी वेळ मोजकाच असतो, विसाव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहावे लागते; इथे थंडी सोसवेल तितका वेळ एकाच खेकड्याकडे बघत बसावे.

आणि खरे कारण हे, की या जहाजावर कोणी मेलेले नाही. ‘रॉयल ओक’ ही युद्धसमाधी आहे. तिथे परवानगीशिवाय डुबकी मारण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती नसती तरी मी गेलो नसतो. रिकामे करून बुडवलेल्या जहाजाभोवती मात्र निःसंकोच रेंगाळता येते.

“मग तिथून एखादा खिळा तरी घेऊन ये,” असे मागच्या दिवाळीत काकांनी सुचवले. ब्रिटनमध्ये जहाजाच्या अवशेषांतून काहीही उचलले तर सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते, हे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे एवढा गारठून रिकाम्या हाताने येतोस?” मी हो म्हणालो.