सिंगर १५के : चाकाचा अडलेला स्क्रू अखेर निघाला, तोही पकडीने

सिंगर १५के हे जुने शिलाई मशीन खोलताना गेल्या वेळी एका अडलेल्या स्क्रूपाशी थांबलो होतो, ती अडचण या आठवड्यात सुटली. हाताच्या चाकाच्या मधोमध असलेल्या चकचकीत फिरकीवरचा तो इवलासा स्क्रू बाहेर आला आहे, त्याचे आटे शाबूत आहेत आणि चाकही आता दांड्यावरून उतरले आहे. ज्यांनी डावे (म्हणजे उलट्या दिशेने फिरत कापणारे) ड्रिल वापरून तो स्क्रू पोखरून काढण्याचा सल्ला दिला होता त्यांचा मी आभारी आहे, परंतु त्याची गरज पडली नाही.

या मशीनवर काम करणाऱ्यांना ही रचना ठाऊक आहेच, तरीही अडचण नेमकी कुठे होती हे कळावे म्हणून थोडक्यात सांगतो. मोठी फिरकी सैल केली की चाक मोकळे फिरते आणि सुई न हलता बॉबिन भरता येते. ही फिरकी संपूर्ण निघून येऊ नये म्हणून तिच्या कडेजवळ एक छोटा स्क्रू असतो. त्याचे आतले टोक फिरकीमागच्या चकतीच्या (वॉशरच्या) बाहेरच्या तीन कानांपैकी एकाला अडते. म्हणजे हा स्क्रू निघाल्याशिवाय फिरकी निघत नाही, फिरकीशिवाय चकती नाही आणि चकतीशिवाय चाक नाही. आधीच्या कोणा कारागिराने रुंद तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर चालवून त्याची खाच पार गुळगुळीत करून ठेवली होती. डोक्याची उंची जेमतेम एक मिलिमीटर, आणि आटे वर्षानुवर्षांच्या गंजाने व वाळलेल्या तेलाने धरलेले.

रसायनांच्या बाबतीत हात बांधलेले होते. अ‍ॅसिटोन आणि गिअरचे तेल यांचे मिश्रण गंज सोडवायला उत्तम असते, परंतु जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो आणि अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लागले की तो विरघळू लागतो. चाकाच्या अगदी शेजारीच नक्षी सुरू होत असल्यामुळे मी रॉकेल आणि मशीनचे तेल यांवरच भागवले. रोज एक थेंब सोडायचा, नंतर सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून तो तापवायचा आणि निवताना पुन्हा एक थेंब द्यायचा, असा क्रम ठेवला. धातू निवताना आकसतो आणि तेल आट्यांत ओढले जाते. पितळी सळईने डोक्यावर हलके ठोकेही दिले. गंज ढिला होत होता हे कडेने निघणाऱ्या तांबूस तेलावरून दिसत होते, परंतु फिरवण्यासाठी पकडायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पहिला विचार खिळे उपटायच्या जंबुराचा होता. बाजारात मिळणाऱ्या जंबुराच्या तोंडाला बाहेरून उतार असतो, त्यामुळे त्याची धार पृष्ठभागापासून किंचित वर राहते आणि इतके बुटके डोके तिच्या कचाट्यात येतच नाही. म्हणून एका जुन्या जंबुराचे तोंड मी ग्राइंडरवर सपाट घासून घेतले. आता धार फिरकीला टेकून बसत होती आणि डोके पकडीत येत होते, परंतु दोन्ही धारा कापण्यासाठीच बनलेल्या असल्याने दाब वाढवताच त्या डोक्याची कड तासू लागल्या. आणखी जोर केला असता तर डोकेच तुटून गेले असते. तिथेच थांबलो. मात्र हा सपाट तोंडाचा जंबूर प्रत्येकाने एक तरी करून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. लाकडी पेटीतले बिनडोक्याचे खिळे त्याने इतके स्वच्छ निघतात की आजूबाजूच्या लाकडावर ओरखडाही उठत नाही.

उत्तर मिळाले ते पकडीचे दाते नीट निरखून पाहिल्यावर. नेहमीच्या पकडीच्या चोचीत दाते आडवे असतात, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तार किंवा पत्रा ओढायचा असेल तर तेच हवेत, कारण ओढ चोचीच्या लांबीच्या दिशेने असते आणि दाते तिला आडवे येतात. पण स्क्रू समोरून, म्हणजे त्याच्या आसाच्या रेषेत पक्कड धरून फिरवायचा असेल, तर डोक्याची कड जबड्यावरून आडवी सरकते. ती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने खोबणीही जातात. त्यामुळे दाते असून नसल्यासारखे होतात आणि पक्कड घसरते. त्याऐवजी खोबणी उभ्या, चोचीच्या लांबीला समांतर असत्या, तर प्रत्येक दाता सरकणाऱ्या कडेत रुतला असता. जपानमधल्या ओसाका येथील इंजिनीअर नावाची कंपनी खास खराब स्क्रू काढण्यासाठी टोकाशी अशाच उभ्या दात्यांची पक्कड बनवते. तिची इथली किंमत पाहता आपल्याच पकडीला उभे दाते पाडावेत, हा विचार पक्का झाला.

यासाठी मी टपारिया कंपनीची आठ इंची जुनी पक्कड वापरली. तिची तार कापायची धार केव्हाच गेली होती, पण रिव्हेट अजून घट्ट होता. याला फार महत्त्व आहे. रिव्हेटमध्ये खेळ असलेल्या पकडीचे जबडे दाबाखाली एकमेकांशेजारून सरकतात आणि मग दाते कितीही उत्तम असले तरी उपयोग होत नाही. नाशिकच्या सातपूरला बनणाऱ्या या पकडींविषयी मला विशेष आदर आहे. वीस-वीस वर्षे वापरलेल्या पकडीतही जबडे सरळ मिटताना मी पाहिले आहेत. नवीन पक्कड घेताना, मग ती कोणत्याही नावाची असो, दुकानातच उजेडासमोर धरून मिटावी. टोके आधी भिडली पाहिजेत आणि त्यांच्या मागे केसभर फट राहिली तरी चालते. टोकाशीच उजेड दिसत असेल तर ती परत द्यावी. पुण्यात रविवार पेठेच्या बोहरी आळीतले दुकानदार अशी पारख करू देतात. ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त संचातली एकही पक्कड या कसोटीला उतरली नव्हती.

जबड्याचे पोलाद कडक असल्यामुळे तिकोनी कानस जवळजवळ घसरतच होती. शेवटी हिऱ्याच्या कणांची बारीक कानस वापरली आणि दोन्ही जबड्यांच्या टोकाशी, साधारण चार मिलिमीटर लांबीत, एकमेकांलगत उभ्या खोबणी पाडल्या. छोट्या फिरत्या चकतीनेही हे काम होईल, पण मग घडीघडीला टोक पाण्यात बुडवावे लागेल, कारण पोलाद निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला असे समजावे. कानशीला वेळ लागतो, मात्र तापण्याची भीती नसते. खोबणींच्या कडा मुद्दाम धारदार ठेवल्या आणि चोचीचे पुढचे तोंडही सपाट केले, म्हणजे ते फिरकीला पूर्ण टेकेल.

चाक फिरू नये म्हणून त्याला चामड्याचा पट्टा गुंडाळून एकाला धरायला लावले. पक्कड समोरून टेकवली, दोन्ही हातांनी दांडे आवळले आणि स्क्रू आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित वळवला. गंजाचा बंध तोडायला हा उलटा झटका फार उपयोगी पडतो. बारीकसा ‘टक’ आवाज आला. मग सोडवायच्या दिशेने जोर दिला तेव्हा स्क्रू कुरकुरत, पण एकसंध फिरला. पहिल्या पाव फेऱ्यानंतर पुन्हा तेलाचा थेंब दिला, पुढे-मागे करत अर्धा फेरा घेतला आणि त्यानंतर तो बोटांनी निघाला. आट्यांवर तपकिरी चिकट थर होता, त्याखाली पोलाद अजून चकाकत होते. हा क्षण मी बराच वेळ मनात घोळवला.

पुढचे सगळे सोपे गेले. मोठ्या फिरकीभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वॉटर पंप पकडीने ती सैल केली. निकेलवर एकही खूण नाही. चकती काढण्यापूर्वी तिच्या आतल्या दोन कानांची दिशा खुणेने टिपून घेतली, कारण ती उलटी बसली की फिरकी आवळली जाते पण चाक मोकळे होत नाही. नोजप्लायरच्या दांड्यांना रबरबँड गुंडाळून त्याचा तिसरा हात केला आणि धाग्याच्या टेन्शनची स्प्रिंग त्यात धरून तिचा वाकलेला आकडा दुसऱ्या नोजप्लायरने सरळ केला. रबरबँडचा दाब बेताचा असल्यामुळे तार चेपत नाही; अशा नाजूक तारेला लॉकिंग पक्कड, म्हणजे एकदा आवळली की तशीच घट्ट राहणारी पक्कड, चुकूनही लावू नये.

लॉकिंग पकडीचे काम आता पुढे आहे. कापड दाबणारा फूट ज्या दांडीला बसतो ती दाबदांडी वाळलेल्या तेलाने घट्ट धरली आहे. माझा बेत असा होता की दांडीवर तांब्याचा पत्रा गुंडाळायचा, लॉकिंग पक्कड तिथे आवळायची आणि पकडीच्या अंगावर खालून हातोडीचे ठोके देऊन दांडी वर सरकवायची. नेब्रास्कातील द विट गावचे लोहार विल्यम पीटरसन यांनी १९२४ मध्ये जिचे पेटंट घेतले, ती पक्कड मुळात काम धरून ठेवण्यासाठीच होती. एकदा आवळली की हात मोकळे राहतात, म्हणून ती ओढण्याच्या कामीही येते. परंतु हे लिहीत असतानाच लक्षात आले की ठोक्यांचा भार मशीनच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगावर जाणार, आणि बीड ठोका सोसत नाही. त्यापेक्षा दांडीवरच्या मार्गदर्शक कडीचा स्क्रू सैल केला तर दांडी स्वतःभोवती फिरू शकेल. मग तीच लॉकिंग पक्कड हँडलसारखी डावी-उजवीकडे थोडी थोडी हलवायची. चिकट थर ओढण्यापेक्षा पिळण्याने लवकर सुटतो आणि हातोडी लागतच नाही. तेव्हा ठोक्यांचा बेत रद्द केला आहे. आधी दाबाची वरची फिरकी आणि तिची स्प्रिंग काढून घेईन, हेअर ड्रायरने तोंडाकडची बाजू कोमट करीन आणि मग पिळून पाहीन.

काढलेल्या स्क्रूची खाच पातळ कानशीने नव्याने खोल केली आहे आणि तोच परत बसवणार आहे, कारण सिंगरचा स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला आणि सिंगरचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत. उषाचे मशीन याच १५च्या घडणीवर आहे, तेव्हा त्याच्या फिरकीचा छोटा स्क्रू सिंगरमध्ये कोणी प्रत्यक्ष बसवून पाहिला असेल, तर तो किती फेरे सहज गेला एवढे कृपया कळवावे.