दुर्बीण हलवा म्हणण्याआधी हे वाचा

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या कुठल्याही ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते त्या दुर्बिणीने आमची रेल्वे खाल्ली, दुसरी म्हणते तुम्हाला विज्ञानातलं काय कळतं, आणि मग रात्री उशिरापर्यंत तेच ते चालू. मला दोन्ही वाचून त्रास होतो कारण मला रेल्वे पण पाहिजे आणि ती दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, पण पाहिजे, आणि दोन्हीकडच्या लोकांच्या बोलण्यात काही गोष्टी सरळ सरळ चुकीच्या असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ प्लॅन होता साधारण २३५ किलोमीटरचा, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा. काही गावांत भूसंपादन सुरू पण झालं होतं. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी, गाडी तिच्या जवळून गेली तर तिच्या कामात अडथळा येतो, म्हणून रेल्वे मंत्रालयाने ती अलाइनमेंट बाजूला ठेवली आणि शिर्डी-अहिल्यानगरवरून जाणारा मार्ग पुढे आणला. आता चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास अडकणाऱ्या माणसाला, नाहीतर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकून राग येणार नाही तर काय होईल. तो राग खरा आहे, आणि त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

पण "दुर्बीण हलवा" हे जे सगळे म्हणतात ना, त्यातून कळतं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एका गच्चीवर ठेवलेली एक नळी आहे. जीएमआरटी म्हणजे ३० डिश आहेत आणि प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांब लांब पसरल्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटरच्या आसपास. सगळ्या डिश ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या आहेत. कुठल्याही दोन डिशच्या सिग्नलची एकमेकांशी तुलना करायची अशा ४३५ जोड्या होतात, आणि त्यातून आकाशाचं चित्र तयार होतं. म्हणजे दुर्बीण एका गावात नाहीच, ती अनेक गावांच्या शिवारात मिळून आहे. हलवायची म्हणजे नवीन जागा, नवीन पाया, नवीन जमिनी, आणि मुख्य म्हणजे तेवढीच शांत दुसरी जागा शोधायची, जी आता पुण्याच्या एवढ्या जवळ तर सोडाच पण देशात तरी सहज मिळेल का याची मला शंका आहे.

प्रोफेसर गोविंद स्वरूप यांनी ८०च्या दशकात ही जागा निवडली ती उगाच नाही. आधी त्यांनी उटीला रेडिओ दुर्बीण उभी केली होती, त्यामुळे काय लागतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. रेडिओचा गोंगाट कमी पाहिजे. पुण्यासारखं शहर जवळ पाहिजे जिथून माणसं आणि सामान येईल. आणि जागा चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला पाहिजे म्हणजे वरचं आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्यातल्या त्यात स्थिर राहतं, पण इतकी पण उत्तरेला नको की दक्षिणेकडचं आकाश दिसायचं बंद होईल. हे सगळं खोडदला जमून आलं.

ती डिश जवळून बघितली की अजून एक गोष्ट लक्षात येते. लांबून ती भरीव वाटते पण खाली उभं राहून वर बघितलं तर तिच्यातून आरपार आकाश दिसतं. अख्खी डिश बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीची आहे, मध्यभागी जाळीची भोकं १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरपर्यंत. मला पहिल्यांदा वाटलं होतं एवढी भोकं असताना सिग्नल गळून जात नाही का. नाही जात, कारण ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यातल्या सगळ्यात छोट्या लहरीची लांबी पण २० सेंटिमीटरच्या आसपास असते, एवढ्या लांब लहरीला ही जाळी म्हणजे भिंतच. आणि वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. बाहेर कुठल्या देशाचं डिझाइन उचलून आणलेलं नाही, हे इथलं डोकं आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता मुद्द्यावर येतो, रेल्वेने नक्की काय बिघडतं. "रेल्वे काय मोबाईल टॉवर आहे का" असं एकाने विचारलेलं आणि त्याला भरपूर लाइक होते. प्रश्न बरोबर आहे त्याचा. इलेक्ट्रिक गाडीच्या डोक्यावर जो पँटोग्राफ असतो तो २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो, आणि मध्ये मध्ये संपर्क सुटला की ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा स्फोटच समजा, आणि एका फ्रिक्वेन्सीवर नाही, सगळीकडे पसरलेला. जुन्या रेडिओवर गाणं लागलेलं असताना बाहेर वीज चमकली की खर्रर्र आवाज यायचा तो हाच प्रकार. रेडिओचा शोध लागला तेव्हा लहरी तयार करायचं साधनच ठिणगी होतं, जगदीशचंद्र बोसांनी १८९०च्या दशकात कलकत्त्यात केलेले प्रयोग ठिणगीवरच झाले. त्यात पुन्हा गाडीतली पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नलिंगचे रेडिओ, आणि शेकडो प्रवाशांचे फोन.

हे किती नाजूक प्रकरण आहे त्याचा एकच हिशोब देतो. समजा साधा मोबाईल फोन चंद्रावर नेऊन ठेवला आणि तिथून तो एक वॅट ताकदीने सिग्नल पाठवतोय, तर पौणेचार लाख किलोमीटरवरून सुद्धा तो रेडिओ आकाशातल्या सगळ्यात ठळक दिसणाऱ्या वस्तूंमध्ये मोडेल. चंद्रावरचा! आणि आपण बोलतोय डिशपासून काही किलोमीटरवरून जाणाऱ्या गाडीबद्दल.

यावर पुढचा प्रश्न येतो की मग शास्त्रज्ञांसाठी वेगळी फ्रिक्वेन्सी राखून ठेवा की, विषय संपला. ती आहेच राखीव. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःहून सिग्नल देतो, २१ सेंटिमीटर लांबीची लहर, आणि १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी मोकळा ठेवलाय. पण गंमत अशी की विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे जितक्या लांबचा हायड्रोजन बघाल तितकी त्याची लहर ताणली जाते आणि फ्रिक्वेन्सी खाली घसरते. जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल सापडल्याचं जाहीर झालं, तो निघाला होता सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वी जन्माला यायच्या कितीतरी आधी. निघताना १४२० वर होता, खोडदला पोहोचला तेव्हा ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास झालेला. आणि त्याच्या अगदी शेजारी, ७०० मेगाहर्ट्झला, आपल्याकडे ५जी चालतं. म्हणजे कायद्याने राखलेल्या पट्ट्यात तो सिग्नल बसतच नाही, तो येतो आपल्या वापरातल्या फ्रिक्वेन्सीच्या गर्दीत, आणि तिथे त्याला ऐकायचं असेल तर जागाच शांत असावी लागते. खोडदची ही शांतता त्या दुर्बिणीचा पार्टच आहे, डिशइतकाच महत्त्वाचा, आणि तो बाजारात विकत मिळत नाही. या वादात हा मुद्दा कुणीच बोलत नाही म्हणून मी एवढं लांबण लावलं.

"आत्ता पण हायवे आहे, लाइटच्या तारा आहेत, मग रेल्वेनेच काय होतंय" हे पण बऱ्याच जणांचं म्हणणं. हो, आहेच, आणि त्याचा त्रास पण आहेच. हाय टेन्शन लाइनवरच्या ठिणग्या ही तिथली जुनी डोकेदुखी आहे. त्यांची स्वतःची बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स शिल्डिंग केलेल्या खोल्यांत ठेवावी लागते. गोंगाट काढून टाकणारे फिल्टर पण बसवलेत, पण फिल्टर गोंगाटाबरोबर तेवढ्या वेळाचा डेटा पण फेकतो. आधीच थोडं नुकसान होतंय म्हणून अजून मोठं होऊ द्या हा तर्क मला पटत नाही. शिवाय आता वरून पण आवाज यायला लागलाय. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिलं की इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये नको असलेल्या लहरी गळतात. यातला मोठा भाग जीएमआरटीच्या कामाच्या रेंजमध्ये येतो. रेल्वेचा मार्ग बदलता येतो, उपग्रहांचं काय करणार.

जेम्स वेब ही अंतराळातली दुर्बीण आल्यावर ही जुनी दुर्बीण कशाला पाहिजे, हे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की वेब इन्फ्रारेड बघतो, जीएमआरटी मीटर-सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी बघते, एकाचं काम दुसरा करूच शकत नाही. आणि "डिशमधून रेडिएशन बाहेर पडतं" हे पण चूक, त्या फक्त ऐकतात, आकाशात काहीही पाठवत नाहीत.

राहिला सगळ्यात मोठा प्रश्न, याचा उपयोग काय. इथे विज्ञानाच्या बाजूचे लोक घाईघाईत काहीतरी फायदे सांगायला जातात आणि समोरचा अजून चिडतो. मी सरळ सांगतो, मंचरच्या माणसाचा चाकणला जायचा वेळ यातून एक मिनिट पण कमी होणार नाही. पण १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल थेट पकडून ऐकत होती ती आपली खोडदची दुर्बीण, आणि उतरायच्या थोडं आधी तो सिग्नल तुटला हे पण तिनेच टिपलं. ते यान कोसळलं होतं. २०२३ च्या जूनमध्ये अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या) खुणा जगभरातल्या टीम्सनी मिळून जाहीर केल्या, त्यात पल्सारची (ठरावीक वेळाने सिग्नल देणाऱ्या मृत ताऱ्यांची) टिकटिक वर्षानुवर्षं मोजलेला डेटा जीएमआरटीचा पण होता. जगभरातले लोक या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. आपल्या तालुक्यात आहे ही गोष्ट! माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे, विश्व समजून घेणं हे स्वतःच एक काम आहे आणि ते आपल्या शेतांच्या मधोमध होतंय.

आता दुसऱ्या पार्टीशी बोलतो. ही शांतता राखली कुणी? आजूबाजूच्या गावांनी. या परिसरात मोठा उद्योग आणायचा, टॉवर उभारायचा म्हटलं की जीएमआरटीचा विचार करावाच लागतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे. शहरात बसून "गावाकडच्यांना कळत नाही" लिहिणाऱ्याच्या दारात मेट्रो असते. ज्यांनी किंमत दिली त्यांनाच हिणवायचं हे बरोबर नाही, आणि अशाने उद्या गावातलं पोरगं दुर्बिणीकडे शत्रू म्हणून बघायला लागेल, मग कुठल्याही नियमाने ती शांतता टिकणार नाही.

त्यात लोक जे पर्याय सुचवतायत ते सगळे काही टाकाऊ नाहीत. बोगद्यातून न्या, खोल कटिंगमधून न्या, दुर्बिणीच्या पट्ट्यात डिशपासून अजून लांब सरकवा. मातीच्या आतून गाडी गेली तर ठिणगीचा आवाज बराचसा आतच राहील, हे तत्त्वतः बरोबर आहे. नुसता डोंगर आडवा असून भागत नाही कारण लांब लहरी डोंगराच्या माथ्यावरून थोड्या वळून पलीकडे उतरतात, म्हणून बोगदा किती लांब, तोंडं कुठे, दुर्बिणीला किती डेसिबलची गळती चालते आणि त्याला किती कोटी लागतात, असे आकडे मांडून बोलावं लागेल. ते आकडे सोप्या मराठीत, नकाशासकट, मंचर आणि नारायणगावला ग्रामसभेत येऊन रेल्वेच्या आणि जीएमआरटीच्या दोन्ही लोकांनी एकत्र सांगावेत अशी माझी मागणी आहे. बोगदा परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि मग निदान चाकण-राजगुरुनगर-मंचरपर्यंत तरी वेगळी लाइन देता येते का ते बघा, कारण दुर्बिणीची अडचण जशी जशी पुण्याकडे याल तशी कमी होत जाते आणि लोकांची गर्दी नेमकी तिथेच जास्त आहे.