कपाटामागची भिंत

दार उघडलं आणि पहिल्याच श्वासाला मला कळलं, हे घर सात महिने न विकता का पडून आहे ते. खोलीभर फुलांचा सुगंधी फवारा मारलेला होता, अगदी भरपूर. आणि त्या फुलांच्या खाली एक कोंदट, ओलसर वास होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांना येतो तसा.

घरं विक्रीसाठी तयार करून देणं हे माझं काम. अकरा वर्षं झाली. याला होम स्टेजिंग म्हणतात, पण त्या शब्दात रंगमंच डोकावतो, म्हणून मी तो फारसा वापरत नाही. हे घर होतं एका निवृत्त जोडप्याचं. दुसरा मजला, दोन बेडरूम, तीस वर्षांचा संसार. आता त्यांना मुलीजवळ राहायला जायचं होतं. एजंटनं मला बोलावलं ते अगदी शेवटचा उपाय म्हणून. "पार्टी येते, छान आहे म्हणते, आणि नंतर फोन उचलत नाही," तो म्हणाला.

वासाचं काकूंना सांगायचं कसं, हा पहिला प्रश्न. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नाक रोजच्या वासाची दखल घेणं काही मिनिटांतच सोडून देतं. पण हे तोंडावर सांगितलं की ऐकणाऱ्याला ते अस्वच्छतेच्या आरोपासारखं लागतं. काकूंचं घर तर असं लख्ख, की फरशीत तोंड दिसावं. म्हणून मी काही बोललेच नाही. फवारा मारायचा नाही, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या आणि दोघांनी दोन तास बाहेर जाऊन यायचं, एवढंच सांगितलं. परत आल्यावर काकू उंबऱ्यातच थांबल्या. हातातली पिशवी हातातच राहिली.

"अगं, हे काय? ओल लागल्यासारखा वास येतोय."

मग काकांकडे बघून हळूच म्हणाल्या, "येणाऱ्या प्रत्येकाला हाच येत असणार, नाही का?"

वासाचा माग काढत आम्ही आतल्या बेडरूममध्ये पोचलो. एका भिंतीला चिकटून मोठं लाकडी कपाट होतं, वीस वर्षं जागचं न हललेलं. रंगारी, त्याचा मदतनीस आणि मी, तिघांनी मिळून ते वीतभर सरकवलं. मागे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते. मी बोट फिरवलं तर पांढरा भुगा हाताला लागला, पिठीसारखा मऊ. हा भिंतीतला खार. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढता वाढता रंगाला आतून ढकलून सोडवतात. खार दिसला की समजायचं, इथून पाणी जा-ये करतंय. खालच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके होते, आणि कपाटाची मागची फळी फुगून थराथरानं सुटी झाली होती.

रंगाऱ्यानं भिंत टकटक वाजवून पाहिली. "ताई, खरवडतो, ओलीचा प्रायमर मारतो, पुट्टी, दोन हात रंग. तीन दिवसांत भिंत नवी. दोन-तीन महिने काही दिसणार नाही. तोवर व्यवहार होऊन जाईल."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला जे काम नेहमी सांगितलं जातं, तेच तो सांगत होता. आणि मीही ते काम एकदा करवून घेतलेलं आहे. या धंद्यात मी नवी होते, मालक घाईत होते, मी अशाच एका भिंतीवर रंग चढवून घेतला. घर विकलं गेलं. पावसाळ्यानंतर नव्या मालकीणबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" मी "हो" म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. तो प्रश्न आजही मी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर स्वतःला विचारते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यावर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा होण्याचं प्रमाण अधिक आढळतं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या लेखी ओल लपवणं म्हणजे दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीत आजार ठेवून येणं आहे.

मी काकांना दोन्ही बाजू सांगितल्या. रंग मारला तर तीन दिवस. मुळापासून करायचं तर दीड-दोन महिने आणि बराच जास्त खर्च. निर्णय तुमचा, पण पहिला मार्ग घेतलात तर मी हे काम सोडते. काका बराच वेळ त्या काळ्या ठिपक्यांकडे बघत राहिले. "याच भिंतीला डोकं करून मी झोपतो," एवढंच म्हणाले. मग, "करा मुळापासून."

एजंट चिडला. त्याच्याकडे त्या आठवड्यात बघायला येणारे दोघे होते. त्याचंही पोट यावरच आहे, त्याचा राग मला कळत होता. तरी मी हटले नाही.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं होतं. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेतला आणि ओलीच्या जागेवर चारही बाजूंनी टेपनं पक्का चिकटवला. दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवेतला दमटपणा जास्त, खिडक्या उघडल्या की बरंचसं काम होतं. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्या तुकड्यामागे टपोरे थेंब होते, एक तर आमच्या डोळ्यांदेखत ओघळला.

भिंतीपलीकडे बाथरूम. घरातले सगळे नळ बंद करून अर्धा तास पाण्याच्या मीटरवर लक्ष ठेवलं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे दाबाखालच्या पाइपमध्ये गळती नव्हती. मग मोरीचं तोंड बोळ्यानं बंद केलं, जमिनीवर दोन बोटं रंगीत पाणी साठवलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी बेडरूमच्या त्याच कोपऱ्यात खरवडलेल्या गिलाव्यावर लालसर झाक उमटली होती. फरशी आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यांतलं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, झिजून गेलं होतं, आणि अंघोळीचं पाणी रोज तिथून थोडं थोडं आत मुरत होतं. वीस वर्षं कपाटानं ते झाकलं होतं.

बाथरूमची फरशी उचलली, खाली वॉटरप्रूफिंगचे थर दिले, ४८ तास पाणी साठवून तपासलं, मग नवी फरशी. बेडरूमचा गिलावा विटांपर्यंत काढला, भिंत पंखे लावून सुकवली, नवा गिलावा केला. सिमेंटच्या गिलाव्यावर रंग लावण्याआधी २८ दिवस जाऊ द्यावे लागतात, नाहीतर आतला ओलावा आणि चुना रंगाला सुखानं राहू देत नाही. या २८ दिवसांत एजंटचे किती फोन आले ते मी मोजले नाहीत.

तोवर बाकीचं घर. निम्मं सामान हललं. हॉलमधल्या दोन सोफ्यांपैकी एक गेला आणि खिडकीपर्यंत सरळ चालत जाता येऊ लागलं. दिव्यांचं काम बारीक असतं पण फरक मोठा करतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा, लहान तितका पिवळसर. हॉलमध्ये ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब आणि शेजारी पिवळा बल्ब, असं मिश्रण होतं. डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही; फोटोत अर्धी भिंत निळी, अर्धी पिवळी दिसते. सगळीकडे ३००० केल्विनचे दिवे लावले. आणि आज घर आधी फोनवर बघितलं जातं, पायरी नंतर चढली जाते. म्हणून फोटो भर दिवसा, पडदे बाजूला सारून, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून काढले. फार रुंद लेन्स मी वापरत नाही. फोटोत मैदान दिसलं आणि प्रत्यक्षात खोली निघाली, की घर दारातच माणसाच्या मनातून उतरतं.

लहान बेडरूममध्ये काकूंचं शिवणयंत्र होतं. तिथे खिडकीला काटकोनात एक टेबल ठेवलं, पाठीमागे साधी भिंत, हाताशी दोन प्लग. आता घरात बसून काम करणारं कुणीतरी बऱ्याच कुटुंबांत असतं, आणि ते माणूस तो कोपरा आधी शोधतं. शिवणयंत्र हलवताना मात्र मी काकूंना दोनदा विचारलं. वस्तू हलवायला दहा मिनिटं लागतात, पण माणसाला तयार व्हायला वेळ द्यावा लागतो. तो देत नाहीत त्यांनी हे काम करू नये असं माझं मत आहे.

मग तो दिवस. एक तरुण जोडपं आलं, सोबत मुलीचे वडील. मुलगी आधी फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरली, रेंज बघत. मग टेबलाशी बसून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि "माझा चेहरा नीट दिसतोय का" विचारलं. मुलानं बाथरूमचे दोन्ही नळ एकदम सोडून फ्लश केला, पाण्याचा दाब पडतो का ते पाहायला. विजेच्या बोर्डापाशी जाऊन विजेची गळती झाली की वीज तोडणारा संरक्षक स्विच आहे का विचारलं, त्याचं टेस्ट बटण स्वतः दाबलं. खट्कन वीज गेली, तो समाधानानं हसला. वडील काहीच बोलत नव्हते. ते आतल्या बेडरूममध्ये गेले आणि त्यांनी तळहात भिंतीला लावला. इकडे लावला, पुढे सरकवला, खाली वाकून लावला. नेमक्या त्याच भिंतीला.

"इथला गिलावा नवा आहे," ते म्हणाले. "रंग सगळीकडे सारखा आहे, पण ही भिंत जास्त सपाट आहे. काय होतं इथे?"

एजंटनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका आतून एक फाइल घेऊन आले. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कामाचे फोटो आणि बिलं जपून ठेवा एवढंच म्हटलं होतं. काकांनी फाइल पलंगावर उघडली. पहिलाच फोटो पोपडे आणि काळ्या बुरशीचा. "ओल होती. वीस वर्षं होती, आणि आम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि एकेक पान उलटत गेले. प्लास्टिकमागचे थेंब, लाल पाणी, उघड्या विटा, साठवलेलं पाणी, गवंड्याचं बिल. त्यांचा आवाज थोडा कापत होता. काकू दाराशी उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत.

वडिलांनी सगळी पानं पाहिली. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि तिघं निघून गेले. एजंट खाली पायऱ्यांवर मला म्हणाला, "हातातलं गिऱ्हाईक गेलं." त्या संध्याकाळी मलाही तसंच वाटत होतं. काकांना फोन करायचा धीर होईना.

चौथ्या दिवशी ते परत आले, स्वतःचा प्लंबर घेऊन. वडिलांनी फाइलमधला प्लास्टिकचा फोटो दाखवून विचारलं, "हे आम्ही इथे लावलं तर चालेल?" काकांनीच कात्री आणून दिली. प्लंबरनं त्याच कोपऱ्यात तुकडा चिकटवला, पलीकडे मोरी बंद करून पाणी साठवलं. दोन दिवसांनी सगळे पुन्हा जमले, मीही गेले. वडील गुडघ्यांवर बसले, टेपचं टोक नखानं सोडवलं, तुकडा ओढून उजेडाकडे धरला. दोन्ही बाजूंनी कोरडा ठाक.

टेपबरोबर नखाएवढा रंगही निघून आला होता. काका लगबगीनं उरलेल्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. मुलीनं त्यांच्या हातातून डबा घेतला. "राहू दे काका," ती म्हणाली, "आम्ही लावू."