सातव्या पिढीचा लॅपटॉप

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमचं घर उघडं पडतं. शाकारणी असते. दोन गडी वर चढून एकेक कौल काढतात, झाडतात, बोटाने वाजवून बघतात, फुटकं खाली देतात आणि धड असलेलं पुन्हा रिपेवर बसवतात. ज्या माजघरात वर्षभर भर दुपारीही दिवा लावावा लागतो तिथे त्या चार दिवसांत ऊन पडतं. ऊन आणि त्याबरोबर माकडांनी वर नेऊन चोखलेल्या कोयी, सुपारीची सालं, चिमण्यांचा काडीकचरा, वर्षाची धूळ. मी लॅपटॉप उचलते आणि पडवीत, झोपाळ्याच्या बाजूला, सासूबाईंच्या शिलाई मशीनवर मांडून पुस्तकांची पानं लावत बसते. तोच माझा धंदा. मराठी पुस्तकांची जुळणी आणि मुद्रितं तपासणं. गुहागरात बसून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी.

यंदा पानं कमी लागली आणि विचारच जास्त झाला. लॅपटॉप बदलावा का?

बिघडलेलं काहीच नाही. खरी अडचण तीच आहे. मिक्सर जळला की माणूस त्याच संध्याकाळी बाजारात जातो, कोणाला विचारत नाही. हा चालतोय, आणि चांगला चालतोय.

हा लॅपटॉप आम्ही पुण्यात असताना घेतला, २०१८ च्या सुरुवातीला. दुकानात दोन ठेवले होते. एकात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, दुसऱ्यात नुकताच आलेला आठव्या पिढीचा. दुकानदार म्हणाला, मॅडम, फरक काही कळणार नाही, हा तीन हजारांनी स्वस्त आहे. मी कोकणस्थाघरची. पुढचं सांगायला नको.

त्या तीन हजारांचं व्याज मी आता भरते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची डागडुजी, थांबला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. घर आहे तसंच उभं आहे, फक्त राखणदार उठून गेला. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती ती मी घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर काही मोजके अपवाद सोडून इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच तिथे प्रवेश. मेमरी निदान चार जीबी हवी, माझ्याकडे आठ आहे. साठवायला चौसष्ट जीबी हवेत, ते आहेत. सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारं टीपीएम २.० लागतं, तेही आहे. सगळं आहे, पिढी तेवढी एकाने चुकली.

कोकणातल्या माणसाला हे वाचून हसूच येईल. आमच्या सातबाऱ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांच्या चुलत भावांची नावं अजून नांदतात. त्यांची नातवंडं-पतवंडं कोणी डोंबिवलीला, कोणी अमेरिकेत. एका गुंठ्याचा व्यवहार करायचा तर सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. इथे सातव्या पिढीला बेदखल करून दाखवा बघू!

रात्री जेवणं झाली की मी फोनवर नवे लॅपटॉप बघते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वजन सव्वा किलो, पडदा असा की काळा रंग खरंच काळा दिसेल, बॅटरी दिवसभर. मी स्वतःला सांगते, कामासाठी बघते आहे. म्हणून एकदा घड्याळ लावून खरोखर मोजलं. तीनशे वीस पानांच्या कादंबरीची फाइल उघडायला अकरा सेकंद. तिची पीडीएफ करायला चाळीस. त्या चाळीस सेकंदांत मी उठून माठातलं पाणी पिते. शहरात लोक पाणी प्यायची आठवण करून द्यायला फोनवर अ‍ॅप ठेवतात. मला ते लॅपटॉपबरोबर फुकट मिळालंय.

पण सगळंच गोड सांगत बसले तर खोटं ठरेल. पंखा सूप पाखडल्यासारखा आवाज करतो. व्हिडिओ कॉलवर मी नेहमी संध्याकाळच्या उजेडात बसल्यासारखी दिसते, सकाळी अकरा वाजताही. आणि बॅटरी. लॅपटॉपकडून बॅटरीचा अहवाल मागवता येतो. माझा म्हणतो, नवी होती तेव्हा ४१ वॉट-अवर, आता २२. घड्याळात ते सव्वा तास भरतं. इथे पहिला वळीव पडला की वीज जाते, कुठल्या तरी तारेवर माडाची झावळ पडलेली असते, आणि ती सव्वा तासात परत येईल असं वीजवाले स्वतःही म्हणत नाहीत.

तर त्या बॅटरीचं निमित्त करून मी एसटीने चिपळूणला गेले. ज्या माणसाकडे गेले त्याच्याकडे लॅपटॉप याआधीही जाऊन आलाय. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याने यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती. आधीच्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेणार, सुई तिच्यावर जागा शोधत फिरणार, तेव्हा कुठे फाइल सापडणार. नव्या डिस्कमध्ये हलणारं काहीच नाही. सुरू व्हायला दोन मिनिटं लागायची ती वीस सेकंदांवर आली. लॅपटॉप नवाच घेतल्यासारखा मला महिनाभर आनंद होता. त्यानंतर पाच महिन्यांनी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. त्याच्या दुकानात ते छताच्या पंख्याला टेकलं होतं. भिंतीवर त्याने तेवढ्या उंचीवर निळी रेघ मारून ठेवलीये, खाली तारीख. रंग दिला तरी रेघ तेवढी सोडून देतो.

"बोला ताई, पेशंटला काय होतंय?"

"काही होत नाही."

"मग आणलात कशाला?"

मी सांगितलं, बदलावा की नाही ते विचारायला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं धडधाकट माणसाला इस्पितळात आणल्यावर डॉक्टर बघतात. मग काही न बोलता स्क्रू काढले. आतून पंख्याच्या पात्यांना चिकटलेली लोकर निघाली, वाळून गेलेल्या मुंग्या निघाल्या, आणि यूएसबीच्या कडेला हिरवट पूड. "खारं वारं," तो म्हणाला. समुद्रापासून दोन वाड्या सोडून आमचं घर. तिथे दाराच्या कड्यांना गंज चढतो, देवाच्या तांब्याला दर आठवड्याला चिंच लागते, मग यूएसबी काय सोवळ्यात असते? पण आतलं बोर्ड स्वच्छ होतं. "रोज चालवता म्हणून टिकलाय. कपाटात जपून ठेवला असतात तर दोन पावसाळ्यांत गेला असता." तेही खरं. आमच्याकडे पावसाळ्यात टीव्ही बघायला नसला तरी तासभर लावून ठेवतात. यंत्राला ऊब मिळाली की ओल धरत नाही.

पुरानंतर त्याच्याकडे पोत्यांनी लॅपटॉप आले होते म्हणे, चिखलाने भरलेले. त्याने ते उघडून आधी साध्या पाण्याने धुतले, मग अल्कोहोलने पुसले, सुकवले. त्यातले बरेच मेले, काही जगले. "एक तर अजून एका सोसायटीचा हिशेब लिहितोय," तो म्हणाला. हे ऐकल्यावर माझा प्रश्न मलाच जरा श्रीमंती थाटाचा वाटायला लागला.

बॅटरी त्याने दोन हजार आठशेत बदलून दिली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. मेमरी आठाची सोळा करू का, विचारलं तर हात जोडले. आत्ता नको, भावच विचारू नका. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, कारण एआयची मोठमोठी डेटा सेंटरं ती घाऊक उचलतायत. म्हणजे कुठल्या तरी यंत्राला माझ्याऐवजी मराठी लिहिता यावं म्हणून माझ्या लॅपटॉपला मेमरी मिळत नाही. मी परतीच्या एसटीत सबंध घाटभर याच्यावर हसत आले. शेजारची बाई सरकून बसली.

ऑक्टोबरनंतर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली बसवून देतो, असंही तो म्हणाला. बसवता येईल. पण प्रकाशक अजून श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली पाठवतात. त्या उघडणारं माझं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय पाऊल टाकत नाही. तेव्हा त्या वाटेवर मी अजून उंबऱ्यातच आहे.

आता एक कबुली. गेल्या श्रावणात दुपारी मी खिडकीपाशी काम करत होते आणि झड आली. आमच्याकडे पाऊस वरून कमी, आडवा जास्त येतो. मी उठले, वाळत घातलेली आमसुलं आत घेतली, पापडाचा डबा सरकवला, अण्णांचा चष्मा उचलला. लॅपटॉप सगळ्यांत शेवटी. तोवर झाकणावर तुषार उडाले होते. पुसताना लक्षात आलं की हात आपसूक हळू चालला होता. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मी हळहळले असते आणि दुसऱ्या दिवशी नवा मागवला असता, साळसूदपणे. सून जशी सासूच्या जुन्या फुलदाणीजवळ जरा जोरात झाडू मारते, तसलंच काहीसं. कोणी बघितलं नाही. पण मी बघितलं.

शाकारणीच्या तिसऱ्या दिवशी पडवीत चहा घेताना मी अण्णांपुढे विषय काढला. अण्णा चौऱ्यांशीचे. लॅपटॉपला ते पेटी म्हणतात. मला वाटलं होतं, वापर गो आहे तोवर, असं काहीतरी म्हणतील आणि प्रश्न मिटेल. जुन्या माणसांकडे आपण विचारायला जातो ते बहुधा आपल्याला हवं ते उत्तर त्यांच्या तोंडून ऐकायला.

ते वर बघत म्हणाले, "ही मंगलोरी कौलं मी अठ्ठ्याहत्तर साली घातली. त्याच्याआधी नळे होते."

"गळत होते?"

"छे गो. दर वर्षी परतावे लागत, ते हीही लागतातच."

"मग बदललेत का?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "वरच्या आळीत सगळ्यांनी घातली होती. लांबून लाल छप्पर दिसायचं. मलाही हवंसं वाटलं."

एवढंच. टिकाऊपणा नाही, हिशेब नाही, हवंसं वाटलं. मी रात्री ज्या गोष्टीला 'कामासाठी' म्हणते तिला या माणसाने एका शब्दात उघडं केलं होतं, आणि सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत त्याची त्यांना लाज वाटलेली दिसली नाही. तेच अण्णा आता कौलांवर पत्रा घालायला मात्र तयार नाहीत. आळीतल्या निम्म्या घरांवर निळे पत्रे आलेत. कारणही साधं आहे, शाकारायला माणूस मिळत नाही. आमच्याकडे येतात त्या दोघांतला एक साठीचा आहे, दुसऱ्याचा मुलगा मुंबईत सुरक्षारक्षक. पुढच्या वर्षी याल ना विचारलं की दोघेही बघू म्हणतात. चिपळूणचा तो दुरुस्तीवालाही परवा सांगत होता, मुलगा दुकानात बसायला तयार नाही. वस्तू दुरुस्त होते की नाही हे मी बघत बसले होते, दुरुस्त करणारे किती उरलेत ते मोजलंच नव्हतं. पत्र्याबद्दल अण्णांचं म्हणणं वेगळं आहे. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माणसाला माणसाचं ऐकू येत नाही म्हणतात. ते तसेही कमी ऐकतात, पण तो मुद्दा मी काढला नाही.

आणि बदललाच तर जुना जाणार कुठे? आमच्या माळ्यावर. तिथे एक ढब्बू मॉनिटर आहे, रेडिओ आहे, तीन मोबाइल आणि त्यांचे सात चार्जर आहेत. गावात भंगारवाला येतो तो तांब्या-पितळेचं वजन करतो, लॅपटॉप हातात घेऊन उलटा करतो आणि परत देतो.

मिरग यंदा वेळेवर आला. रात्री नऊच्या सुमाराला समुद्राकडून गार वारं सुटलं, माड एका बाजूला झुकले, आणि मग छपरावर तो पहिला आवाज. वीज गेलीच. नव्या बॅटरीवर मी माजघरात एका कथासंग्रहाची शेवटची मुद्रितं बघत होते. शेजारच्या खिडकीत ब्राउझरमध्ये सव्वा किलोचा लॅपटॉपही उघडा होता, हेही सांगून टाकते.

तेवढ्यात कुठूनतरी टप्प झालं. शाकारणी कितीही नीट झाली तरी पहिल्या पावसात एखादं कौल चुगली करतंच. दुसरा थेंब पडला तो मेजावर, लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर. या वेळी बाकी कशाआधी मी त्यालाच उचलून छातीशी धरला. अण्णा अंधारातून विचारत होते, कुठे गळतंय गो? मी म्हटलं, उद्या सकाळी बघू, आणि त्या जागी तपेली सरकवली.