तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मग ही गोळी कधी सुटणार?’

हेरॉइनच्या व्यसनावरील उपचार म्हणून मी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो हे कळल्यावर जवळपास प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि त्यातल्या ‘मग’मध्ये एक व्यसन जाऊन दुसरे आले, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः हेरॉइन मेंदूतील ज्या रिसेप्टरांवर (पेशींवरील ग्राहकांवर) काम करते त्यांनाच हे औषध घट्ट धरून ठेवते, पण अर्धवटच चेतवते. म्हणून तलफ शमते, नशा मात्र चढत नाही.

आता ‘कधी’विषयी. 16 मिलिग्रॅमवरून 2 पर्यंत मी वर्षभरात उतरलो आणि त्या वेगावर खूश होऊन उरलेले 2 एकदम सोडले, डॉक्टरांना न विचारता. या औषधाचा अंमल शरीरातून सावकाश ओसरतो, त्यामुळे पहिले दोन दिवस काहीच झाले नाही आणि त्या शांततेलाच मी यश समजलो. तिसऱ्या रात्री जांभयांवर जांभया, नाकाला धार, अंगावर काटा, आणि पाय असे काही वळवळू लागले की पहाटेपर्यंत मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. डॉक्टर रागावले नाहीत. डोस पुन्हा सुरू करून त्यांनी समजावले, की 16 चे 8 केले तरी बरेचसे रिसेप्टर व्यापलेलेच राहतात, उलट तळाशी एकेक मिलिग्रॅम जाणवतो. 2 चे 1 करणे म्हणजेसुद्धा डोस निम्मा करणेच. शेवटचे 2 मिलिग्रॅम आधीच्या 14 पेक्षा अधिक वेळ घेऊ शकतात, हे मला आकड्यांवरून कधी उमगले नसते.

घाई न करण्याचे याहून गंभीर कारण आहे. औषध सुटले की शरीराची सवयही मोडते, आणि अशा वेळी पाय घसरून कोणी पूर्वीइतके हेरॉइन घेतले, तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. म्हणूनच मी अजून गोळी घेत असतानाही घरात नॅलोक्सोन, म्हणजे अशा वेळी हेरॉइनचा अंमल उतरवणारे औषध, आणून ठेवले आहे आणि ते कसे द्यायचे हे पत्नी शिकली आहे. (औषध वर्षानुवर्षे, काहींनी तर आयुष्यभर घेणे हाही उपचारच आहे, मधुमेह्याला कोणी ‘कधी सुटणार’ म्हणून टोकत नाही.)

सध्या मी 1 मिलिग्रॅमवर आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी तारखेचा विषयच काढला नाही, झोप कशी लागते एवढेच विचारले. मधूनमधून तुटते, असे मी सांगितले, तेव्हा पुढची कपात आम्ही महिनाभर लांबवली.