उंबऱ्यावरची नोंद

सकाळी साडेआठ ते साडेनऊ हा आमच्या पाळणाघराचा सगळ्यात महत्त्वाचा तास. आया घाईत असतात. कुणाला पहिल्या तासाला शिकवायचं असतं, कुणाला ऑफिस उघडायचं असतं. तरीही प्रत्येकीला उंबऱ्यावर थांबवून चार गोष्टी विचारायच्या असतात. रात्री झोप झाली का? सकाळी काय खाल्लं? ताप आहे का, कुठलं औषध दिलंय का? संध्याकाळी न्यायला कोण येणार? उत्तरं तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये, मुलाच्या नावासमोर. गेली नऊ वर्षं मी हे पाळणाघर सांभाळते. नव्या मावशीला मी लंगोट बदलायला किंवा मुगाची खिचडी करायला शिकवत नाही, ते तिला माझ्याहून चांगलं येतं. मी तिला उंबऱ्यावर उभं राहायला शिकवते. आणि ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी तिथे मीच नव्हते.

पाळणाघर जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या आवारात आहे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभा मिळाली. चांगलंच झालं. पण हा कायदा नोकरी करणाऱ्या बाईचा. वर्गात बाकावर बसणाऱ्या आईचा त्यात विचार नाही. आमच्याकडे तर लग्न होऊन, एक मूल झाल्यावर पुन्हा शिकायला येणाऱ्या मुली पुष्कळ. सासर पारोळ्याकडे, कॉलेज इथे, नवरा कामासाठी सुरतेला, आणि कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू. अशा मुलींनाही जागा द्यायची, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. तेव्हा आमच्याकडे २२ मुलं होती, त्यातली सात विद्यार्थिनींची.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पारा ४४ वर. इकडच्या माणसाला ४४ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दुपारी टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही आणि खिडकीचे गज धरवत नाहीत. लग्नसराई जोरात, त्यामुळे आमची एक ताई घरच्या हळदीला गेलेली. एका मावशीची एसटी चुकली होती. त्यात सकाळी सकाळी कूलरचा पंप जळाला. पंखा फिरत होता पण वाळ्याच्या जाळ्या कोरड्या, आणि २२ मुलं त्या गरम वाऱ्यात झोपवायची म्हणजे काय, या विचारानं मी वायरमनला घेऊन इमारतीच्या मागे गेले. दारात उभी होती तीन आठवड्यांपूर्वी लागलेली मावशी. आणि तिच्या हातात थर्मामीटर नव्हता. त्याचा सेल दोन दिवसांपूर्वी संपला होता. माझ्या डायरीत ‘सेल आणणे’ असं लिहिलेलं होतं. दोन्ही दिवस मी ते वाचलं आणि पान उलटलं.

पंप बारा वाजता सुरू झाला. साडेबाराला जेवणं झाली. एक वाजता सतरंज्या टाकल्या, खिडक्यांवर ओले पडदे सोडले, आणि मुलं एकेक करून झोपली. वीस महिन्यांचा एक मुलगा, त्याला आम्ही सगळे छोटू म्हणतो, जेवला नव्हता. दोन घास खाऊन त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, उठल्यावर केळं देऊ. एरवी आई दिसेनाशी झाली की तो दारापाशी जाऊन ‘माय कठे शे?’ करत राहतो. त्या दिवशी तेही केलं नाही. हे सगळं मला नंतर आठवलं.

दोन वाजून अठरा मिनिटांनी जुनी मावशी ओरडली, ‘ताई, पोऱ्या कसा करी राहिना देखा!’

मी गेले तेव्हा तो सतरंजीवरून अर्धा फरशीवर आला होता. डोळे वर चढलेले, दातखीळ बसलेली, मुठी घट्ट, अंगठे मुठींच्या आत. दोन्ही पाय एका ठेक्यात झटके देत होते. पायात चांदीचे वाळे होते आणि उजव्या पायातला वाळा फरशीवर आपटत होता. टक, टक, टक. अंगाला हात लावला तर तव्यासारखं.

दोन वर्षांपूर्वी एका बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला प्रथमोपचाराचं दोन तासांचं शिक्षण दिलं होतं. त्यातलं बरंचसं विसरले होते, पण एक वाक्य पक्कं राहिलं होतं : झटका आला की आधी घड्याळ बघा. ते मी बघितलं. पाच मिनिटांच्या आत बहुतेक झटके आपोआप थांबतात, त्यापुढे गेला तर ती तातडीची बाब, हे त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. मी छोटूला कुशीवर वळवलं. तोंडातून फेस येत होता, तो खाली गळू दिला. डोक्याखाली माझी ओढणी घडी करून ठेवली. आजूबाजूचा पाट, वाटी, खेळण्यातला ट्रक सगळं पायानं दूर सारलं.

तेवढ्यात एक मावशी बुक्कीनं कांदा फोडून घेऊन आली, दुसरीच्या हातात चमचा. दोघींचा जीव तळमळत होता. गावागावांत पिढ्यानपिढ्या हेच केलं जातं, मीही लहानपणी हे बघितलंय. मी म्हटलं, ‘मावशी, तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबायचे नाहीत. पाणी नाही, कांदा नाही.’ आवाज चढला असेल, कारण चमचावाली मावशी एकदम मागे झाली. मी तिला म्हटलं, ‘तुम्ही फक्त घड्याळाकडे बघा आणि मिनिट झालं की मला सांगा.’ तिला मोबाइल वाचता येत नव्हता, पण भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ येत होतं. ती म्हणत राहिली, ‘एक झालं. दोन झाले.’ हजर असलेल्या ताईनं १०८ ला फोन लावला. नव्या मावशीनं जागी झालेली चार मुलं उचलून शेजारच्या खोलीत नेली आणि तिथे ती त्यांना मांडीवर घेऊन हलक्या आवाजात काहीतरी म्हणत बसली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळच्या त्या उंबऱ्याबद्दल मी तिला आजवर एक शब्द बोललेले नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

मावशी ‘तीन’ म्हणाली आणि त्यानंतर थोड्याच वेळात वाळ्याचा आवाज थांबला. खोलीत फक्त कूलर. छोटूचं अंग एकदम ढिलं पडलं. तो एक क्षण मी जन्मात विसरणार नाही. मग त्यानं खोल श्वास घेतला, कण्हला, आणि रडायला लागला. एवढं गोड रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

एका प्राध्यापकांची गाडी दारातच होती, म्हणून रुग्णवाहिकेला ‘येऊ नका’ असं कळवून आम्ही थेट बालरोगतज्ज्ञांकडे निघालो. ताप १०३ भरला. घशाला संसर्ग होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने ते पाच वर्षं या वयात १०० मुलांमागे दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो, दिसायला भयंकर, पण अशा साध्या झटक्यानं मेंदूला इजा होत नाही. तरी दोन-चार तास इथेच राहू द्या.

आता आईला सांगायचं होतं. ती आवारातच, परीक्षेच्या हॉलमध्ये. पेपर दोन ते पाच. मोबाइल बाहेर जमा. मी ताईला फोन करून तिकडे पाठवलं, तर परीक्षेची जबाबदारी असलेले म्हणाले, मूल आता बरं आहे ना, मग पाच वाजता सांगा, बिचारीचं वर्ष जाईल. बोलणं मायेचंच होतं. मलाही पाच मिनिटं तसंच वाटलं. पण पेपर तिचा होता आणि मूलही तिचं. त्यातलं काय निवडायचं हे तिनंच ठरवायला हवं होतं. मी ताईला शब्दन् शब्द सांगून चिठ्ठी लिहायला लावली : ‘छोटूला तापात झटका आला होता. तीन मिनिटांत थांबला. श्वास नीट आहे, रडतो आहे. डॉक्टर म्हणतात धोका नाही. आम्ही त्याच्याजवळ आहोत. यायचं की पेपर पुरा करायचा, तू ठरव.’

ती वीस मिनिटांत दवाखान्यात होती. परीक्षेचा पॅड तसाच काखेत. तिनं मुलाला घेतलं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मनी चूक शे, ताई.’ माझी चूक आहे.

मग सगळं बाहेर आलं. रात्रभर अंग गरम होतं. पहाटे उतरलं. तरी सकाळी सात वाजता तिनं तापाचं औषध पाजलं, म्हणजे उंबऱ्यावर हाताला लागणार नाही. बाटली रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली. कारण तेव्हा आमच्या भिंतीवर ठळक अक्षरांत नियम लावलेला होता : ताप असलेल्या मुलास प्रवेश नाही. त्या दिवशी आम्ही त्याला परत पाठवलं असतं, तर तिनं त्याला कुठे ठेवून पेपर द्यायचा होता? शहरात तिचं कुणी नाही. औषधाचा असर चार ते सहा तास. म्हणजे आम्ही मुलं जेवायला बसवत होतो, तेव्हा तो ओसरत आलेला असणार.

संध्याकाळी सगळी मुलं गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. छोटूच्या नावासमोर तापाच्या रकान्यात ‘ठीक’. त्याच्या खाली-वर सगळ्याच २२ नावांसमोर ‘ठीक’, एकाच पेनानं, एकाच वळणाचं. आदल्या दिवशीचं पान बघितलं. तिथे अक्षर माझं होतं, आणि तिथेही २२ वेळा ‘ठीक’. थर्मामीटर तेव्हाही बंदच होता.

दुसऱ्या दिवशी दोन नवे थर्मामीटर आले आणि सेलचं पाकीट कपाटात. ते सोपं होतं. नियमाचं पान काढायला मात्र तीन आठवडे भांडावं लागलं. म्हणणं असं पडलं की तापाची मुलं घेतली तर बाकीच्यांना लागण होईल. खरं आहे. पण नियम होता तेव्हाही तापाची मुलं येतच होती, फरक इतकाच की ती औषध पिऊन येत होती आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी भांडारखोलीची आवराआवर करून तिथे दोन खाटांची वेगळी खोली केली. थोडा ताप असेल तर एक मावशी तिथे बसते, दर तासाला ताप बघून लिहिते, आईला कळवते. ताप वाढला तर मात्र मुलाला घरी न्यावंच लागतं. भिंतीवर आता लिहिलंय : रात्री ताप आला असेल, औषध दिलं असेल, तर सांगा. परत पाठवणार नाही, आधी विचार करू.

छोटूच्या आईनं तो पेपर पुढच्या सत्रात दिला आणि सुटली. मधल्या काळात एकदा मी तिला विचारलं होतं, पाच वाजता सांगितलं असतं तर बरं झालं असतं का गं? ती म्हणाली, ‘तर मग मी दुसऱ्या दिवशी पोराला तुमच्याकडे ठेवलं नसतं, ताई.’

आजही ती बरोबर पावणेनऊला येते. छोटूला खाली ठेवण्याआधी सगळं सांगून टाकते : रात्री दोनदा उठला, नाक वाहतंय, ताप नाही, औषध नाही, सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून. मी लिहिते, आणि लिहून होईपर्यंत ती उंबऱ्यावरून हलत नाही. मान वाकडी करून रजिस्टरमध्ये बघते, मी नक्की काय लिहिलं ते.