उपक्रमांचे लेखी नियोजन किती करावे? चाइल्डमाइंडर म्हणून माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळण्यासाठी चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी करताना मला सर्वाधिक सल्ले मिळाले ते उपक्रमांच्या लेखी नियोजनाबद्दल. कोणी आठवड्याचे तक्ते दाखवले, कोणी वर्षभराच्या विषयांची यादी दिली, तर प्रत्येक मुलाची छायाचित्रांसह स्वतंत्र फाइल ठेवल्याशिवाय सरकारी निरीक्षणात निभाव लागणार नाही, असेही काहींनी बजावले. ही मंडळी अनुभवी होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याचे कारण नव्हते. मात्र मी एकटी काम करणार होते आणि लिहिण्यात जाणारा वेळ एक तर मुलांच्या वाट्याचा असणार होता किंवा माझ्या झोपेचा. म्हणून तक्ता निवडण्याआधी मूळ नियम वाचायचे मी ठरवले.

जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी येथे २००८ पासून ‘अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज’ ही सरकारी नियमांची चौकट लागू आहे आणि जानेवारी २०२४ पासून तिची चाइल्डमाइंडरांसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे. हजेरी, मुलांची व पालकांची माहिती, अपघात आणि त्यावर केलेले प्रथमोपचार, प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी परवानगी आणि औषध दिल्याची नोंद, तसेच लेखी तक्रारी व त्यांचा निकाल, हे सारे कागदावर असलेच पाहिजे. मूल दोन ते तीन वर्षांचे असताना त्याच्या प्रगतीचा छोटा लेखी आढावाही पालकांना द्यावा लागतो. साप्ताहिक उपक्रमांचा तक्ता मात्र या अनिवार्य नोंदींमध्ये कोठेही नाही. उलट, मूल्यमापनापायी मुलांबरोबरच्या संवादात दीर्घ खंड पडू नये आणि अवाजवी कागदपत्रे लागू नयेत, असे नियमच सांगतात. पाळणाघराची धोरणेसुद्धा चाइल्डमाइंडरने लिहून ठेवलीच पाहिजेत असे नाही. ती विचारणाऱ्याला नीट समजावून सांगता आली पाहिजेत.

ही सवलत लिहिण्यापुरती आहे, विचारापुरती नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शिकण्याची सात क्षेत्रे आहेत, त्यांपैकी संवाद व भाषा, शारीरिक विकास, आणि वैयक्तिक, सामाजिक व भावनिक विकास ही तीन मूलभूत मानली जातात, आणि प्रत्येक मूल यांत कोठवर पोहोचले आहे हे मला माहीत असणे अपेक्षितच आहे. परंतु तीन लहान मुले आणि सात क्षेत्रे धरली, तर दर आठवड्याला एकवीस चौकटी भराव्या लागतात, आणि त्या भरताना माणूस मुलांपेक्षा चौकटीकडे अधिक पाहू लागतो. तक्त्यात बुधवारी ‘रंग’ असे लिहिलेले असते आणि दोन वर्षांचे मूल मात्र सकाळपासून स्वयंपाकघरातील डब्यांची झाकणे गोळा करून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत असते. अशा वेळी त्याच्या हातात ब्रश देण्यापेक्षा त्याला एक टोपली द्यावी, झाकणे मोजावीत, ‘मोठे’, ‘लहान’, ‘रिकामे’, ‘भरलेले’ हे शब्द त्याच्या कानावर घालावेत. याच खेळात गणितही आहे आणि भाषाही.

म्हणून मी एकच वही ठेवली. प्रत्येक मुलाच्या नावाने दोन-तीन ओळी असतात: सध्या ते कशात रमते, कोठे अडते, आणि त्यासाठी मी पुढे काय करून पाहणार आहे. ही नोंद रोज होत नाही. काही नवे दिसले तरच होते. मुलांची वये निरनिराळी असल्याने एकाच खेळात तान्ह्या मुलाने काय करावे आणि चार वर्षांच्या मुलाने काय करावे, एवढे मात्र मी आधी ठरवून ठेवते, कारण ऐन वेळी ते सुचत नाही.

निरीक्षणाचा फोन आल्यावर, आता निदान एक तक्ता तयार करावा, हा मोह झालाच. मी तो टाळला. निरीक्षकांनी हजेरी, औषधांच्या नोंदी आणि मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र बारकाईने पाहिले. त्यानंतरचा बराच वेळ त्या मुलांजवळच बसून होत्या. एक उपक्रम आम्ही दोघींनी मिळून पाहिला आणि मग प्रश्न सुरू झाले: या मुलासाठी हाच खेळ का निवडला, त्याला आधी काय येत होते, पुढे त्याला कोठे न्यायचे आहे? मुलाला पुरते ओळखल्याशिवाय ही उत्तरे देता येत नाहीत, आणि भरलेला तक्ता येथे फारसा कामाला आला नसता. वही त्यांनी चाळली, पण ती आणखी मोठी असावी असे काही सुचवले नाही.

तरीही ‘काहीच लिहू नका’ असे मी नव्या चाइल्डमाइंडरला सांगणार नाही. ज्यांचे स्मरण पक्के नाही किंवा जे सहायक ठेवतात, त्यांना अधिक लिहावे लागेल, कारण सहायकाला माझ्या मनातले वाचता येत नाही. माझ्याकडील एक मूल काही दिवस नर्सरीतही जाते, म्हणून त्याची प्रगती मी पालकांच्या संमतीने तेथील शिक्षिकेला थोडक्यात लिहून कळवते. आणि एका मुलाचे बोलणे उशिरा सुरू झाले आहे. त्याच्या वाचा-उपचार तज्ज्ञांनी दिलेली उद्दिष्टे, त्यासाठी योजलेले खेळ, आणि कोणत्या खेळात त्याने कोणता शब्द आपणहून उच्चारला, हे मी आवर्जून तारखेनिशी लिहिते. पुढच्या भेटीत त्यांना नेमका हाच तपशील हवा असतो, आणि तो स्मरणावर सोडण्याजोगा नसतो.